चौथा कोपरा

वेणीमाधव : ...आणि म्हणून, जोतिराम, आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवावा असा आहे. परवा तुरुंगाचं दार मागे लागलं, आज समाजाचं महाद्वार पुढे उघडलं! आता तुमच्यावर कुणाचा पहारा नाही, कुणाची शिट्टी नाही, कुणाची आज्ञा नाही. तुम्ही एक स्वतंत्र, स्वायत्त आणि सार्वभौम नागरिक आहात. बोला. या क्षणी तुमच्या मनात काय दाटून आलंय?

जोतिराम : सायेब, संडासला जाऊ का?

वेणीमाधव : जा की! विचारता काय त्यात?

जोतिराम : मगाधरनं इचारावं म्हणत हुतो. तुमचं चालू हुतं.

वेणीमाधव : मगापासून म्हणजे कधीपासून?

जोतिराम : इंग्रजांनी तुरुंग बांधले, तवापास्नं.

वेणीमाधव : अरे देवा. तो तर दुसरा परिच्छेद होता. जा, जा. आणि परत येताना दारात थांबून विचारू नका. सरळ आत या.

जोतिराम : व्हय सायेब.

वेणीमाधव : मालती! चहा टाकतेस का? नाही सापडली? शोध, शोध. घरातली किल्ली जाणार कुठे... या, जोतिराम. या आत.

जोतिराम : एक.

वेणीमाधव : एक काय?

जोतिराम : काय न्हाय सायेब. आत-बाहेर झालं की तितं मोजत्यात. तोंडातनं निघालं.

वेणीमाधव : आपल्याकडे मोजत नाहीत. खुर्चीवर बसा. जमिनीवर नको, खुर्चीवर. हा मंडळाचा फॉर्म. बंदी पुनर्वसन सहाय्यक मंडळ, सोलापूर. चार पानी आहे, रकाने मी स्वतः आखलेत. वय?

जोतिराम : एक्केचाळीस.

वेणीमाधव : गुन्हा?

जोतिराम : हाताचा.

वेणीमाधव : हाताचा म्हणजे? चोरी?

जोतिराम : न्हाय न्हाय. प्रभुच्या हाताचा. माझी मेंढरं त्याच्या हरभऱ्यात शिरली. त्यानं माझ्या कुत्र्याला धोंडा घातला, कुत्रं जाग्यावर पडलं. मी कुऱ्हाड उचलली. उलटी धरली हुती सायेब, बोथट बाजूनं. पर बसायची ती बसलीच. त्याचा उजवा हात कोपराखाली कायमचा गेला.

वेणीमाधव : प्रभु म्हणजे कोण? वैरी?

जोतिराम : शेजारी. ल्हानपणी मेंढरं आमी एकत्रच राखली.

वेणीमाधव : 'शेजारी' असा रकाना नाही. 'इतर'मध्ये टाकतो. शिक्षा?

जोतिराम : सात वर्षं. माफीचे दिवस धरून साडेपाच भोगली.

वेणीमाधव : रकाना चौदा. व्यसन?

जोतिराम : तंबाखू हुती. आत बंद हाय.

वेणीमाधव : म्हणजे सुटली. 'निर्व्यसनी'. छान. आमच्या मंडळाला शोभतं.

जोतिराम : मंडळात किती माणसं हाईत सायेब?

वेणीमाधव : अकरा.

जोतिराम : मला परवापास्नं तुमी एकटंच दिसताय.

वेणीमाधव : बाकीचे दहा लेटरहेडवर असतात. आणि चहापुरती आमची मालती. पण तिला सकाळपासून कपाटाची किल्ली सापडत नाहीये, त्यामुळे मंडळाचं काम थोडं थंडावलंय.

जोतिराम : किल्ली देव्हाऱ्यात हाय. गणपतीच्या मागं.

वेणीमाधव : तुम्हाला कसं ठाऊक?

जोतिराम : परवा मी दारात आलो, तवा वैनी घाईघाईनं ठिवताना दिसल्या.

वेणीमाधव : हं... तिच्या मनात तसं काही नव्हतं बरं का.

जोतिराम : आसं ना का सायेब. आमच्यात बी वाड्यावर नवा माणूस आला की कोकरं आत घेत्यात.

वेणीमाधव : मालती, गणपतीच्या मागे बघ! ...सापडली? मला आपलं आठवलं. हं, जोतिराम, पुढे.

जोतिराम : सायेब, किती वाजलं?

वेणीमाधव : अकराला पाच कमी. पाचव्यांदा विचारताय.

जोतिराम : ती दहाला येती म्हणली हुती. मंद्रूपवरनं गाडीला लई तर पाऊण तास लागतो.

वेणीमाधव : येतील हो. घरातून निघताना बायकांना उशीर होतो.

जोतिराम : तिला न्हाय होत. ती मेंढरांची बाई हाय, उजाडायच्या आत निघती. सायेब, ती आलीच न्हाय तर मी कुटं जायाचं?

वेणीमाधव : त्यासाठी आहे ना. रकाना सत्तावीस, 'पर्यायी निवारा'.

जोतिराम : त्यात काय लिवलंय?

वेणीमाधव : तो रकाना अजून रिकामा आहे. पण हे बघा, काळजी अजिबात करायची नाही. मंडळानं सर्व संबंधितांना पत्रं रवाना केली आहेत. सरपंच, पुजारी आणि इतर. स्पीड पोस्टानं. जावक क्रमांक, गोल शिक्का, सगळं व्यवस्थित.

जोतिराम : पत्रानं काय हुतंय सायेब?

वेणीमाधव : पत्रानं काय होत नाही, ते सांगा.

मायाक्का : दार तर सताड उघडं हाय की. मग आत बसून कुणाची वाट बघताय?

जोतिराम : आलीस?

मायाक्का : न्हाय, अजून मंद्रूपच्या फाट्यावरच हाय.

जोतिराम : लई उशीर केलास गं.

मायाक्का : मी? साडेपाच वर्षं कुणी लावली? आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरल्या चार बायकांचे नवरे तुरुंगातनं रजेवर येऊन गेले. एकाचं तर रजेवर आल्यावर पोरगं झालं. तुमी एकदा बी आला न्हाईसा.

जोतिराम : त्वांड दावावं वाटंना.

मायाक्का : मग आता कसं वाटतंय? तेच हाय की. वाळलात बगा लई.

जोतिराम : तू बी वाळलीस.

मायाक्का : मी कुटं वाळली? चांगली अंगानं भरलीया. नीट तरी बगा, जमिनीकडं बगून बोलताय.

वेणीमाधव : बसा, मायाक्काबाई. मी वेणीमाधव. मंडळाचा चिटणीस. फोनवर बोललो होतो ना, तो मीच.

मायाक्का : व्हय काका. तुमी बोलत हुता, मी ऐकत हुती. मधेच माझा फोन बंद पडला, तरी मला वाटतं तुमी बोलतच ऱ्हायला असाल.

वेणीमाधव : असेल, असेल. तर आता यांना सन्मानानं घरी न्यायचं. हार मी आणून ठेवलाय.

मायाक्का : हार ऱ्हाऊ द्या. आदी घोंगडी.

वेणीमाधव : घोंगडी कसली?

मायाक्का : ह्यांनाच इचारा. ह्यांना ठावं हाय.

जोतिराम : आज आवस हाय व्हय?

मायाक्का : आज आवस. म्हणून तर उशीर झाला. पुजाऱ्याच्या घरी गेली हुती.

जोतिराम : सायेब, आमच्या वस्तीत कुणी रगात सांडून बाहेर गेला, आन् परत आला, तर त्याला सरळ घरात घेत न्हाईत. बिरुदेवाच्या म्होरं घोंगडी अंथरत्यात. चार कोपऱ्यांवर चार माणसं बसत्यात. एक पुजारी. एक वस्तीतला सगळ्यात म्हातारा. एक बायकोचा भाऊ. चौघं बसली की मग त्याला हाक मारून मधी बसवत्यात, कपाळाला भंडारा लावत्यात. झालं.

वेणीमाधव : सोपं आहे की. आणि चौथा?

मायाक्का : चौथा ज्याचं रगात सांडलं त्याच्या घरचा.

वेणीमाधव : म्हणजे प्रभु?

मायाक्का : त्याला भाऊ न्हाय, ल्योक न्हाय. म्हणजे तोच.

जोतिराम : काय म्हणला त्यो?

मायाक्का : चार डाव गेली. पयल्यांदा म्हणला, बघू. दुसऱ्यांदा म्हणला, बघू. तिसऱ्यांदा बोललाच न्हाय, शेरडाला पाला घालत ऱ्हायला. काल म्हणलं, उद्या आवस हाय भाऊ. तर म्हणला, ठावं हाय मला.

जोतिराम : ठावं हाय म्हणजे येणार का न्हाय?

मायाक्का : ते त्याच्या तोंडातनं काढायचं आसंल तर तुमीच जा.

वेणीमाधव : एक मिनिट. कोपऱ्यावर कुणी बसलं नाही म्हणून माणसाला घराबाहेर ठेवायचं, हा चक्क बहिष्कार झाला. महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आहे. आपण तक्रार करू शकतो. घरात घ्यावंच लागेल!

मायाक्का : घरात तर मी घेईन की काका. माझ्या घराला मला कोण आडवतंय? पर उद्या ह्यांनी मेंढरं घेऊन पाण्यावर गेल्यावर बाकीच्यांनी आपली मेंढरं माघारी वळवली, तर कुणाला धरायचं? मेंढरांना?

वेणीमाधव : कायद्यात मेंढरांचा उल्लेख नाही.

मायाक्का : मग? आन् प्रभुच्या डोसक्यावर पोलीस उभा करून त्याला कोपऱ्यावर बसवला, तर त्यो बसला असं देव म्हणंल व्हय?

जोतिराम : त्याचा हात कसा हाय?

मायाक्का : हाय तसाच. लटकतोय. सदऱ्याची बटणं त्याची बायको ईरम्मा लावती. त्याची मेंढरं मी कातरती.

जोतिराम : तू?

मायाक्का : मग कोण? एका हातानं मेंढी धरायची का कातर चालवायची? पयल्या वर्साला कातर घेऊन गेली तर त्यानं कुत्रं सोडलं अंगावर. दुसऱ्या वर्साला कुत्रं बांधून ठिवलं. तवापास्नं मी जाती, कातरून येती. आमी बोलत न्हाय.

जोतिराम : मला कवा सांगितलं न्हाईस.

मायाक्का : रजेवर आला असता तर सांगितलं असतं.

वेणीमाधव : आणि समजा, फक्त समजा, तो बसला नाही तर?

मायाक्का : दिस मावळला की घोंगडी गुंडाळत्यात. वर्सातनं एकदाच अंथरत्यात, एकदाच गुंडाळत्यात.

जोतिराम : मग?

मायाक्का : मग तुमी हितं काकांच्या व्हरांड्यात, मी तितं मेंढरांत. साठ मेंढरं घेऊन मी सोलापुरात कुटं ऱ्हाऊ? बस-स्टँडावर?

जोतिराम : आन् पूनम? ती काय म्हणती?

मायाक्का : काय म्हणंल? नऊ वर्सांची हुती. सकाळपास्नं एकच इचारतीया, बाप उंच हाय का बुटका. तिला आठवंना.

जोतिराम : तू काय सांगितलंस?

मायाक्का : म्हणलं, मला तरी कुटं आठवतंय. उठा आता. उभं ऱ्हावा. ...हां. बरंच हाय की.

(त्याच दिवशी, उन्हं कलताना. मंद्रूपच्या पलीकडची वस्ती. बिरुदेवाच्या देवळापुढं काळी घोंगडी अंथरलेली, तीन कोपऱ्यांवर तीन माणसं आणि चौथ्यावर एक दगड, वाऱ्यानं उलटू नये म्हणून. जोतिराम हद्दीच्या बाभळीखाली उभा आहे. चौथा कोपरा भरल्याशिवाय त्यानं बाभळ ओलांडायची नाही, असा रिवाज. आणि रिवाज पाळण्याची त्याच्याइतकी ताजी सवय त्या गावात दुसऱ्या कुणाला नव्हती.)

वेणीमाधव : बसा की जरा. दुपारपासून उभे आहात.

जोतिराम : बसा म्हणलं न्हाय कुणी.

वेणीमाधव : मी म्हणतोय ना.

जोतिराम : तुमी हितलं न्हाय सायेब.

वेणीमाधव : मायाक्काबाई गेल्या त्याला किती वेळ झाला?

जोतिराम : प्रभुचं घर त्या वढ्यापलीकडं. जायाला दहा मिंटं, यायाला दहा. अर्धा तास हून गेला.

वेणीमाधव : म्हणजे बोलणी चालू असणार. शुभचिन्ह आहे. मला सांगा, तो पलीकडच्या कोपऱ्यावरचा म्हातारा मघापासून डुलतोय. अंगात येतं का त्याच्या?

जोतिराम : सिद्धनाथ आण्णा हाईत ते. ऐंशीच्या वर वय. त्यांना लघवीला लागली आसंल.

वेणीमाधव : मग जाऊन येऊ द्या.

जोतिराम : बसलेला उठला की घोंगडी मोडली सायेब. मग फुडच्या वर्साला.

वेणीमाधव : अरे बाप रे. म्हणजे तुमचं पुनर्वसन सध्या आण्णांच्या सहनशक्तीवर आहे.

जोतिराम : व्हय. आन् आण्णांना साखर हाय.

वेणीमाधव : ...पाणी देऊ नका म्हणावं कुणी.

जोतिराम : आली. सायेब, ती आली. एकटीच हाय.

वेणीमाधव : मागून येत असेल तो.

जोतिराम : न्हाय. ती पदर खोचून चाललीया. कायतरी वंगाळ झालंय.

मायाक्का : न्हाय घरी त्यो! ईरम्माला इचारलं, तर ती आपली कानडीत 'होग्यान, होग्यान' करतीया. गेला म्हणं. सकाळी सातच्या गाडीनं, धुतलेला सदरा घालून.

जोतिराम : कुटं?

मायाक्का : सोलापूरला. कोर्टात.

जोतिराम : कोर्टात? का? परत केस घातली? मी काय केलं? परवा सुटलोय. दोन दिसांत मी काय केलं मायाक्का? सायेब, मी तुमच्या व्हरांड्यातच हुतो का न्हाय? तुमी सांगा हिला.

मायाक्का : अवो, थांबा की! कागद आला म्हणं कालच्या टपालानं. ईरम्मानं पिठाच्या डब्याखाली जपून ठिवला हुता, त्यो घेऊन आली. काका, तुमी वाचा. मला आसलं मराठी कळत न्हाय.

वेणीमाधव : आणा. घाबरू नका, मी आहे. चष्मा... हं. 'जावक क्रमांक तीन. विषय, जोतिराम याचे संदर्भात उपस्थित राहणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण येत्या अमावास्येस न चुकता उपस्थित राहावे. अनुपस्थित राहिल्यास होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.' हं. भाषा बाकी अत्यंत निर्दोष आहे.

मायाक्का : कुणाचा कागद हाय?

वेणीमाधव : बघतो ना. खाली गोल शिक्का आहे. सही आहे. सही... ओळखीची वाटते.

जोतिराम : सायेब, ही तर तुमचीच. सकाळी फॉर्मवर केली, तीच.

वेणीमाधव : हो. मला वाटलंच.

मायाक्का : काका!

वेणीमाधव : विनंतीपत्र होतं ते.

मायाक्का : ही विनंती?

वेणीमाधव : 'महोदय' म्हटलंय की त्यात.

मायाक्का : आन् कुटं यायचं ते कुटं लिवलंय?

वेणीमाधव : ते... ते राहून गेलं.

मायाक्का : राहून गेलं! त्या माणसाला जन्मात कागद आले चार, चारी कोर्टाचे. हा पाचवा. त्यानं गोल शिक्का बघितला आन् सदरा धुवायला टाकला.

वेणीमाधव : मायाक्काबाई, चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळलं. लाखभर पत्रं या हाताखालून गेली. नोंद केली, शिक्का मारला, रवाना केलं. पण मजकूर नेहमी वरचे लोक लिहायचे. स्वतः लिहिलेलं हे माझं पहिलंच.

मायाक्का : आन् तेच नेमकं पोचलं.

जोतिराम : फोन लाव की त्याला.

मायाक्का : फोन घरात ठिवून गेलाय. कोर्टात वाजला तर सायेब रागावत्यात म्हणून.

वेणीमाधव : मी मोटार करून जातो सोलापूरला. त्याला शोधतो, पाय धरतो.

मायाक्का : जाऊन येईपर्यंत दिस ऱ्हातोय व्हय? आन् आण्णा? बगा तिकडं. आता त्यांनी डोळे मिटलेत.

वेणीमाधव : झोपले?

मायाक्का : न्हाय. दम धरलाय.

जोतिराम : मायाक्का, मी जातो माघारी.

मायाक्का : कुटं जाताय?

जोतिराम : सायेबांच्या हितं. न्हायतर कुटंबी. त्यो कशाला गेलाय ते कळतंय की मला. त्याला वाटलं आसंल, कोर्ट परत इचारतंय. साक्ष द्यायला गेलाय. हात दावायला गेलाय. त्यानं आजचा दिस काढला तो त्यात. आन् आता दमून-भागून यायचा, आन् मी हितं उभा. मी काय तोंडानं म्हणू, बस बाबा माझ्यासाठी कोपऱ्यावर?

मायाक्का : काय बी म्हणू नका. नुसतं उभं ऱ्हावा.

जोतिराम : आत बरं हुतं गं. दार लागायच्या टायमाला लागायचं. हितं कवा लागंल, ते कळत न्हाय.

मायाक्का : ऐका. साडेपाच वर्षं मी साठ मेंढरं एकटीनं राखली. तीन डाव लांडगा आला. एकदा साप चावला तर पूनमनं मला फटफटीवर बसवून मंद्रूपच्या दवाखान्यात नेलं, तेरा वर्सांची पोर. तुमाला बाभळीखाली एक दुपार उभं ऱ्हावत न्हाय?

जोतिराम : साप चावला हुता?

मायाक्का : रजेवर आला असता तर कळलं असतं. तिकडं बगा. देवळाच्या खांबाला टेकून उभी हाय ती. तुमाला बगूनच उभी हाय. मगाशी म्हणली, आई, बाप खांबाच्या दुसऱ्या पट्ट्याएवढा हाय. आता तुमी पाठ फिरवून चाललात, तर तिला काय सांगू? त्यातनं वजा कर म्हणू?

जोतिराम : ...उभा ऱ्हातो.

वेणीमाधव : सूर्य त्या टेकडीला टेकला का हो?

मायाक्का : टेकला न्हाय. टेकंल आता.

वेणीमाधव : मी काय म्हणतो, त्या चौथ्या कोपऱ्यावर दगड आहेच. तात्पुरत्या स्वरूपात प्रभुचा प्रतिनिधी म्हणून...

मायाक्का : काका, तुमी जरा गप बसता का?

वेणीमाधव : बसतो.

जोतिराम : जीप आली.

मायाक्का : ती फुडं कंदलगावला जाणारी हाय. हितं थांबत न्हाय ती.

जोतिराम : थांबली. कुणीतरी उतरलं.

मायाक्का : मला उन्हात दिसंना. कोण हाय?

जोतिराम : पांढरा सदरा हाय.

मायाक्का : पांढरे सदरे लई हाईत. हात बगा, हात.

जोतिराम : एकच हलतोय.

प्रभु : कोण उभं हाय गं बाभळीखाली?

मायाक्का : हे हाईत, भाऊ.

प्रभु : जोत्या?

जोतिराम : व्हय. मीच.

प्रभु : सुटलास?

जोतिराम : परवा.

प्रभु : परवा सुटलास, मग मी आज दिसभर कुणासाठी बसलो?

वेणीमाधव : त्यासंदर्भात मला एक खुलासा करायचा आहे. मी वेणीमाधव, जावक क्रमांक तीन.

प्रभु : तुमी लिवलं ते?

वेणीमाधव : दुर्दैवानं.

प्रभु : अवो, काय माणूस हाय तुमी! सकाळी नवापास्नं त्या व्हरांड्यात. नाव पुकारतील म्हणून पाणी प्यायला उठलो न्हाय. तीन डाव शिपायाला कागदाचा नंबर सांगितला. त्यो म्हणतोय, ह्यो नंबर आमचा न्हाय. म्हणलं, आरं, शिक्का तर गोल हाय! मागल्या टायमाला ह्यो तरी समोर हुता, पोलिसांच्या मधी बसलेला. आज समोर बी कुणी न्हाय. करमंना मला.

मायाक्का : पर मी काल सांगितलं हुतं ना भाऊ, की हे सुटले?

प्रभु : तू तोंडानं म्हणलीस सुटलं. कागद म्हणतोय, उपस्थित ऱ्हावा. मी कागदाचं ऐकलं. मला वाटलं, कायतरी आडलं आसंल, आन् सोडायचा का न्हाय ते मला इचारत्यात.

जोतिराम : मग?

प्रभु : मग काय? पाच वाजलं. कुलपं लावाय लागले. शेवटाला त्या शिपायालाच धरलं. म्हणलं, सायबाला सांग, मंद्रूपचा प्रभु येऊन गेला. म्हणलाय, जोत्याला सोडा आता. पुरं झालं.

वेणीमाधव : शिपाई काय म्हणाला?

प्रभु : 'बरं' म्हणला.

मायाक्का : भाऊ...

प्रभु : रडतीस कशाला? त्या आण्णाला काय झालंय? हात का हलवतोय?

मायाक्का : बसायचं तर बस, न्हायतर मी उठतो, म्हणत्यात.

प्रभु : आलो, आलो! काढा तो धोंडा. आगं आई गं... कंबर धरली माझी त्या बाकड्यावर. ए जोत्या! कशाची वाट बघतोयस? हाक मारली न्हवं?

जोतिराम : येऊ का?

प्रभु : आता तुला बी नोटीस धाडू व्हय?

मायाक्का : उजवा पाय आदी टाका. चप्पल हितं काढा. पूनम, सर जरा बाजूला, वाट दे बापाला.

वेणीमाधव : या प्रसंगी मंडळाच्या वतीनं मी केवळ दोन शब्द...

मायाक्का : काका, आण्णा!

वेणीमाधव : राहू द्या. राहू द्या. भंडारा लावा आधी.

मायाक्का : लावला. लावला बगा पुजाऱ्यानं. आण्णा, उठा आता तुमी. सावकाश! अवो, आण्णा, पळू नका, पडाल!

जोतिराम : प्रभु.

प्रभु : काय?

जोतिराम : साडेपाच वर्षं एक बोलणं पाठ केलंय. तुला सांगायचं म्हणून. रोज दार लागलं की मनात म्हणायचो.

प्रभु : म्हण की मग.

जोतिराम : आता आठवंना.

प्रभु : ऱ्हाऊ दे मग. ह्या बाजूच्या खिशात माझा हात पोचत न्हाय. पुडी हाय बग त्यात. काढ.

जोतिराम : तंबाखूची?

वेणीमाधव : अहो, पण रकाना चौदामध्ये मी यांना...

मायाक्का : काका.

प्रभु : दिसभर खाल्ली न्हाय. मळून दे चिमूटभर. आन् चुना कमी घाल. ईरम्मा लई घालती.